पायथ्याशी ठेवलेली नळी

१९ सप्टेंबर १६४८, शनिवार. फ्रान्समधल्या क्लेरमों गावात हवा लहरी होती. पहाटे पाचच्या सुमाराला प्यु द दोम डोंगराचा माथा दिसला आणि फ्लोराँ पेरिए यांनी ठरवलं की आजच वर जायचं. आठ वाजता मिनिम या ख्रिस्ती पंथाच्या मठाच्या बागेत मंडळी जमली. मठातले एक साधू, चर्चचे एक अधिकारी, न्यायालयातले दोन सल्लागार, एक डॉक्टर. सगळी गावातली मानाची माणसं आणि मुद्दाम बोलावलेली, कारण जे दिसेल त्याला साक्षीदार हवे होते. बाग निवडली होती ती जवळपास गावातली सर्वांत सखल जागा म्हणून.

पेरिए यांच्याकडे १६ पाऊंड पारा होता. आधीचे तीन दिवस तो साफ करण्यात गेले होते. सारख्याच जाडीच्या दोन काचेच्या नळ्या, प्रत्येकी चार फूट लांब, एका टोकाला बंद. नळी पाऱ्यानं काठोकाठ भरायची, उघड्या तोंडावर बोट दाबायचं, उलटी करून पाऱ्याच्या भांड्यात बुडवायची आणि मग बोट काढायचं. पारा थोडा उतरतो आणि थांबतो. वर रिकामी जागा राहते. दोन्ही नळ्या एकाच भांड्यात शेजारी उभ्या करून त्यांनी पाहिलं, तर पारा दोन्हींत एकाच पातळीवर. भांड्यातल्या पाऱ्यापासून उंची २६ इंच साडेतीन रेषा. हे जुने फ्रेंच इंच, एका इंचाच्या १२ रेषा. आजच्या मापानं सुमारे ७१ सेंटिमीटर. त्याच जागी हेच आणखी दोनदा केलं. उंची तेवढीच आली.

मग एक नळी तिथेच भांड्यात पक्की उभी केली, पारा जिथे होता तिथे काचेवर खूण केली, आणि मठातल्या शास्तँ नावाच्या साधूंना विनंती केली की दिवसभर अधूनमधून बघत राहा, काही बदलतं का. दुसरी नळी आणि उरलेला पारा घेऊन बाकीचे डोंगर चढायला लागले.

या प्रयोगाचं वर्णन पुस्तकांत येतं तेव्हा सगळं लक्ष डोंगरावर गेलेल्या नळीकडे असतं. मला बोलायचं आहे ते बागेत राहिलेल्या नळीबद्दल.

आधी भांडण काय होतं ते थोडक्यात. विहिरीवरचा ओढपंप कितीही चांगला बांधला तरी पाणी साधारण १० मीटरच्या वर ओढत नाही, हे कारागिरांना ठाऊक होतं आणि गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात ते नोंदवलं होतं. तेव्हाच्या शिकवणुकीप्रमाणे निसर्गाला पोकळीचा तिटकारा असतो, म्हणून दट्ट्या वर गेला की पाणी मागोमाग धावतं. मग हा तिटकारा १० मीटरवर का संपतो? इटलीतल्या तोरिचेल्ली या अभ्यासकानं पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून १० मीटरचं काम पाऊण मीटरच्या नळीत भागलं. जून १६४४ च्या पत्रात त्यानं लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि भांड्यातल्या पाऱ्यावर पडणारा त्या हवेचा भार नळीतल्या पाऱ्याला तोलून धरतो. कल्पना सुंदर होती, पण पटायला सुंदर असणं पुरत नाही. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्काल यांनी पुढचा प्रश्न काढला. हवेचा भार हेच कारण असेल तर उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून पारा खाली यायला हवा. पायथ्याशी निसर्गाला पोकळीचा तिटकारा जास्त आणि माथ्यावर कमी, असं तर कुणी म्हणणार नाही. नोव्हेंबर १६४७ मध्ये त्यांनी आपल्या मेहुण्यांना, म्हणजे पेरिए यांना, पत्र लिहिलं. प्रयोग व्हायला दहा महिने लागले. पास्काल स्वतः त्या दिवशी पॅरिसमध्ये होते.

माथ्यावर, म्हणजे बागेपासून सुमारे ५०० त्वाज (एक त्वाज जेमतेम दोन मीटर) उंचीवर, पारा २३ इंच २ रेषांवर उभा राहिला. तीन इंच दीड रेषा कमी. आजच्या हिशेबानं साडेआठ सेंटिमीटर. पेरिए लिहितात की सगळे थक्क झाले, इतके की स्वतःच्याच समाधानासाठी त्यांना प्रयोग पुन्हा करावासा वाटला. तिथली छोटी प्रार्थनास्थळाची इमारत होती, तिच्या आडोशाला केला. उघड्यावर केला. वाऱ्यात केला. धुकं आणि पाऊस येऊन गेला, त्यातही केला. दर वेळी नळीतली हवा नीट घालवून, नव्यानं भरून. आणखी पाच वेळा. आकडा हलला नाही. उतरताना वाटेत, बरंच खाली पण बागेच्या बऱ्याच वर, एका ठिकाणी मोजलं तेव्हा २५ इंच भरले.

चमत्कार दिसला की माणूस धावत घरी येऊन सांगतो. ही माणसं थंडीवाऱ्यात उभी राहून पाच वेळा पुन्हा नळी भरत बसली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण हवं ते उत्तर पहिल्याच खेपेला मिळालं होतं. नको ते उत्तर आलं की कुणीही पुन्हा मोजतो. हवं ते आल्यावर पुन्हा मोजायला वेगळी सवय लागते.

आता बागेत परत. शास्तँ यांनी सांगितलं की पारा दिवसभर खुणेवरून हलला नाही, हवा मात्र दिवसभर बदलत होती. कधी स्वच्छ, कधी पाऊस, कधी दाट धुकं, कधी वारा. मग पेरिए यांनी डोंगरावरून आणलेली नळी त्याच्या शेजारी उभी केली. २६ इंच साडेतीन रेषा. दोन्ही पुन्हा एका पातळीवर.

या न हललेल्या नळीनं काय केलं ते नीट बघायला हवं. ती नसती तर समोरचा माणूस म्हणू शकला असता की दिवसभरात हवाच पालटली, पारा इथेही उतरला असता. परत आणलेल्या नळीची जुळणी झाली नसती तर म्हणता आलं असतं की चढताना पाऱ्यात ओल गेली, हवेचा बुडबुडा शिरला, नळीला कुठे भेग पडली. आपण फसत असू तर कुठे फसत असू, याची यादी करून त्यातल्या प्रत्येक जागी आधीच काहीतरी उभं करून ठेवायचं, ही ती रीत. नम्रता म्हटलं की आपल्याला स्वभाव आठवतो. मवाळ बोलणं, मान खाली. पास्काल तसे नव्हते. वादात ते फार धारदार होते. त्यांच्या आणि पेरिएंच्या प्रयोगातली नम्रता त्या मांडणीत आहे. एका साधूचा अख्खा दिवस, काहीही न घडणं बघण्यासाठी, हातचा राखून ठेवलेला आहे.

हे आपल्याकडे करून बघता येतं, आणि आपल्याकडे ती पायथ्याची नळी फ्रान्सपेक्षाही जास्त गरजेची आहे. आता बऱ्याच मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि तो आकडा हेक्टोपास्कलमध्ये दाखवणारी ॲप मिळतात. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलनं उतरतो. म्हणजे दहा मजली इमारतीच्या, ३० मीटर उंच गच्चीवर साडेतीनच्या आसपास फरक दिसायला हवा. पण उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला रोजची भरतीओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाच्या आसपास पुन्हा चढलेला. सकाळचा चढ आणि दुपारचा उतार यांतलं अंतर ३ हेक्टोपास्कलच्या आसपास भरतं. सकाळी दहाला खाली मोजलं आणि दुपारी चारला गच्चीवर, तर फरक जवळजवळ दुप्पट दिसेल आणि मोजणारा शपथेवर सांगेल की इमारत साठ मीटर उंच आहे. उलट, दुपारी चारला खाली आणि रात्री दहाला वर मोजलं, तर इमारत नाहीशीच होईल.

म्हणून दोन फोन घ्यायचे. आधी दोन्ही दहा मिनिटं एका टेबलावर शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातला मुळातला फरक लिहून घ्यायचा; अर्धा-एक हेक्टोपास्कल फरक सहज असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग एक खाली कुणाच्या तरी हाती, एक वर. दोघांनी ठरलेल्या वेळी, दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. फोन मुठीत आवळायचा नाही, वाऱ्याच्या तोंडी धरायचा नाही, एसीच्या बंद खोलीत किंवा बंद गाडीत मोजायचं नाही. दार लावल्यानंही आकडा किंचित हलतो. शेवटी दोन्ही फोन परत त्याच टेबलावर. सुरुवातीचा फरक तसाच राहिला असेल तर मधले आकडे विश्वासाचे. मुंबईहून पुण्याला आलं की पाऱ्याच्या भाषेत जवळजवळ ५ सेंटिमीटर कमी होतात, ७६ चे ७१. पेरिएंच्या बागेत होते तितकेच. महाबळेश्वरला साडेचौसष्टच्या आसपास उरतात. पण खालचा फोन सांभाळणारा माणूस कंटाळून उठून गेला, तर या सगळ्याला अर्थ नाही.

पेरिएंना एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर सरळ आलं. इंग्लंडमध्ये हवेवर प्रयोग करणारे रॉबर्ट बॉइल यांचा रस्ता जास्त चिखलाचा होता, आणि मला तो जास्त शिकवणारा वाटतो.

१६५९ च्या सुमाराला रॉबर्ट हूक यांच्या मदतीनं बॉइलनी ऑक्सफर्डमध्ये हवा काढून घेणारा पंप उभा केला. वर काचेचा मोठा गोल, त्यात साधारण २८ लिटर हवा मावेल असा. त्याच्या तळाशी तोटी. तोटीखाली पितळेचं नळकांडं, १४ इंच लांब, ३ इंच व्यासाचं, त्यात चामडं गुंडाळलेला दट्ट्या, दातेरी पट्टीनं वरखाली होणारा. नळकांड्याच्या वरच्या अंगाला एक भोक आणि त्यात बसणारी पितळी खुंटी, हीच झडप. तोटी बंद, खुंटी बसवलेली, दट्ट्या खाली ओढायचा. तोटी उघडायची, गोलातली थोडी हवा नळकांड्यात येते. तोटी बंद करायची, खुंटी काढायची, दट्ट्या वर ढकलून ती हवा बाहेर घालवायची. खुंटी बसवून पुन्हा सुरुवात. मापांचा हिशेब केला तर एका फेरीत गोलातल्या हवेचा जेमतेम अठरावा-एकोणिसावा हिस्सा बाहेर जातो, पुढच्या फेरीत उरलेल्याचा तितकाच. हवा निम्मी करायला बाराच्या वर फेऱ्या. तीही गळती नाही असं धरून.

आणि गळती तर सगळीकडे होती. काचेच्या झाकणाशी, तोटीच्या दांड्याशी, दट्ट्याच्या चामड्याशी. बॉइल आणि मंडळी सांध्यांना लेप लावत, चामड्यावर तेल ओतत. १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी ४३ प्रयोग दिले आणि त्यांतला सतरावा त्यांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटत होता. तोरिचेल्लीची पाऱ्याची नळी भांड्यासकट काचेच्या गोलात ठेवायची आणि हवा काढत जायची. हवाच पाऱ्याला धरून ठेवत असेल तर हवा जाईल तसा पारा उतरेल. तसाच उतरला. पण शेवटचा साधारण इंचभर काही केल्या उतरेना. बॉइलनी हे लिहून ठेवलं. त्यांना हवं होतं ते जवळजवळ सगळं मिळालं होतं, एक इंच सोडून, आणि तो इंच पुस्तकात आहे.

एकतिसाव्या प्रयोगात तर काहीच घडलं नाही. संगमरवराच्या दोन घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या की चिकटून राहतात. बॉइलचं म्हणणं होतं की बाहेरची हवा त्यांना दाबून धरते, म्हणून गोलातली हवा काढली की खालची चकती पडायला हवी. तिला वजनही बांधलं. हवा काढली. चकती पडली नाही. हाही प्रयोग त्यांनी छापला आणि जोडीला आपला तर्क दिला की गळतीमुळे आत थोडी हवा उरली असणार आणि तेवढी पुरत असणार.

इथे थांबून विचार करावा लागतो. स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्ध निकाल आला आणि माणूस म्हणतो, यंत्र गळत होतं. हे निमित्त आहे की कारण? आकडे बघितले तर तर्क टिकतो. एक इंच पाऱ्याइतकी हवा उरली असेल तर दर चौरस इंचाला सुमारे अर्धा पाऊंड भार उरतो. दोन इंच व्यासाच्या चकतीवर तो दीड पाऊंड होतो. चकती आणि थोडं वजन पेलायला भरपूर. पण तर्क टिकतो म्हणजे तो खरा ठरला असं नाही. बॉइलनी पंप बदलला, सुधारला, आणि १६६९ च्या पुढच्या भागात तोच प्रयोग पुन्हा दिला. या वेळी चकती पडली. मधली नऊ वर्षं तो निकाल छापील पानावर उघडा पडून होता, कुणीही बोट ठेवावं असा. मला वाटतं निमित्त आणि कारण यांतला फरक त्या उघडेपणात आहे. निमित्त सांगणारा माणूस पुन्हा प्रयोग करायला जात नाही.

आता जिन्यावरची नळी. तिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

फ्रान्सिस लाइन नावाच्या, जेझुइट या ख्रिस्ती पंथातल्या अभ्यासकांनी बॉइलवर टीका केली. हवेला थोडाफार ताण, स्प्रिंगसारखा जोर असेल, पण २९ इंच पारा तोलण्याइतका नसणार. पाऱ्याला वरून एक अदृश्य दोरीसारखं काहीतरी ओढून धरत असणार. बॉइलनी उत्तरासाठी प्रयोग मांडला, आणि आपण शाळेत ज्याला बॉइलचा नियम म्हणतो तो या उत्तरातून, १६६२ मध्ये, आला. टीकाकार नसता तर तो तक्ता त्या वर्षी झाला नसता.

लांब काचेची नळी दिव्यावर तापवून खालून वाकवायची, इंग्रजी जे अक्षरासारखी. आखूड बाजूचं तोंड वितळवून बंद. तिच्यावर मापाची कागदी पट्टी. लांब उघड्या बाजूनं थोडा पारा ओतायचा, नळी तिरपी करून हवा इकडून तिकडे जाऊ द्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंना पारा समपातळीत आणि कोंडलेली हवा बाहेरच्या हवेइतक्याच दाबाखाली. मग वरून पारा ओतत जायचं आणि कोंडलेली हवा किती आकसते ते बघायचं. पहिल्या खेपेला हवा निम्मी झाली तेव्हा पाऱ्याचा जास्तीचा स्तंभ २९ इंचांच्या आसपास होता, म्हणजे आणखी एका वातावरणाइतका. बॉइल खूश झाले. आणि नळी फुटली.

दुसरी नळी इतकी उंच होती की खोलीत मावेना. ती जिन्यात उभी केली, दोऱ्यांनी टांगून. जिन्यात उजेड चांगला होता. खालचं वाकडं टोक एका चौकोनी लाकडी पेटीत ठेवलं, नळी पुन्हा फुटलीच तर पारा वाया जाऊ नये म्हणून. दोन माणसं लागली. वरचा पारा ओतणारा, खालचा पट्टी वाचून सांगणारा. ओतायचं ते थेंबाथेंबानं, कारण आणखी ओतणं सोपं, जास्त झालेला काढणं अवघड. खूण नीट दिसावी म्हणून एक छोटा आरसा हाताशी.

तो तक्ता पंचवीस ओळींचा आहे. आखूड बाजूची १२ इंच हवा पाव इंचांत मोजली, म्हणजे ४८ भाग, तेव्हा दाब २९ पूर्णांक २/१६ इंच. भाग २४ उरले तेव्हा प्रत्यक्षात ५८ पूर्णांक १३/१६. शेजारच्या रकान्यात, दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असतील तर किती यायला हवा होता तो आकडा, ५८ पूर्णांक १/४. भाग १२ उरले तेव्हा ११७ पूर्णांक ९/१६, यायला हवा होता साडे ११६. फरक एक टक्क्याच्या आत. बॉइलनी दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापले. जे दिसलं ते एका बाजूला, जे दिसायला हवं होतं ते दुसऱ्या बाजूला, आणि मधला सोळांशांचा फरक वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. नळीचं बंद टोक आतून गोलसर असलं तर मोजलेल्या भागांपेक्षा हवा थोडी कमी असते आणि दाब थोडा जास्त भरतो. फरकाचं ते एक कारण असू शकतं. बॉइलनी आकडे मात्र घासूनपुसून जुळवले नाहीत. व्यस्त प्रमाणाची कल्पना आपल्याला रिचर्ड टाउनली या दुसऱ्या इंग्रज अभ्यासकाकडून मिळाली हेही तिथेच लिहिलं. आणि तिला ‘नियम’ म्हटलं नाही, ‘गृहीतक’ म्हटलं.

शब्दांबद्दलची ही काळजी त्यांनी ठरवून घेतली होती. १६६१ च्या निबंधसंग्रहाच्या सुरुवातीला ते सांगतात की मी वारंवार ‘कदाचित’, ‘असं दिसतं’, ‘अशक्य नाही’ असं लिहीन, कारण ज्या मतांकडे माझा कल आहे त्यांच्याबद्दलही मला पुरती खात्री नाही; पाहिलेल्या गोष्टी मात्र ठामपणे सांगेन. दोन वेगळे आवाज. पारा कुठे थांबला हे सांगताना कदाचित नाही. का थांबला हे सांगताना कदाचित. मराठीत आपण अनेकदा उलटं करतो: निरीक्षण ढोबळ, ‘बराच उतरला’, आणि कारण छातीठोक.

त्याच संग्रहात दोन निबंध फक्त फसलेल्या प्रयोगांवर आहेत. प्रयोग का फसतात? दुकानातून आणलेलं द्रव्य भेसळीचं असतं. एका खाणीतलं खनिज दुसऱ्या खाणीतल्यासारखं नसतं, नाव एकच असलं तरी. कधी एखादी बारीक परिस्थिती, जिच्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं, पहिल्यांदा जुळून येते आणि दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून एकदा जमलेल्या प्रयोगावर इमारत उभारू नका, आणि दुसऱ्याचा प्रयोग तुमच्याकडे जमला नाही म्हणून त्याला लगेच खोटं ठरवू नका. हे आज कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात सांगायला हवं.

आपल्या कॉलेजांत काय होतं ते सर्वांना माहीत आहे. जर्नलमधला तक्ता अनेकदा उत्तराकडून मागे भरला जातो. प्रमाणित किंमत पाठ असते, सूत्र उलटं चालवलं की रीडिंग तयार. मुलांना दोष देऊन उपयोग नाही, कारण गुण उत्तराला मिळतात आणि फरकाला मिळत नाहीत. पण त्यात मुलाच्या हातून जातं ते फार मोठं असतं. बॉइलच्या तक्त्यातले ते सोळांश हीच प्रयोग खरोखर झाल्याची खूण आहे.

पारा विषारी आहे, त्याच्या वाटेला घरी किंवा शाळेत जाऊ नये. बॉइलचा प्रयोग २० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजनं होतो, सुई काढून टाकलेल्या. दट्ट्या २० वर आणायचा, मग तोंड एम-सीलनं बंद करून सुकू द्यायचं. आधी बंद करून मग दट्ट्या सरकवला तर आतली हवा सुरुवातीलाच दाबलेली किंवा ताणलेली राहते. सिरिंज लाकडी ठोकळ्यातल्या भोकात उभी, वर एक छोटी फळी, फळीवर अर्ध्या अर्ध्या किलोची वजनं. फळी आणि दट्ट्याचं वजनही मोजून धरायचं. आतला व्यास २ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर, म्हणजे वातावरण त्यावर आधीच सुमारे ३ किलोनं बसलेलं आहे. हवा निम्मी करायला आणखी तितकंच लागेल.

बिघडतं ते बहुतेक रबरामुळे. दट्ट्याचं रबर भिंतीला घासतं आणि हवा जिथे न्यायची तिथे नेत नाही. दर वजनाला दट्ट्या बोटानं किंचित खाली दाबून सोडायचा, वाचायचं. किंचित वर ओढून सोडायचा, वाचायचं. दोन्ही लिहायचे आणि सरासरी घ्यायची. दोन आकड्यांतलं अंतर हीच घर्षणाची मोजणी, म्हणून ते खोडायचं नाही. झटकन दाबलं तर हवा किंचित तापते, मिनिटभर थांबायचं. तोंडाच्या नळीत थोडी हवा पट्टीबाहेर असते, हवा फार आकसली की तिचा वाटा मोठा होतो आणि शेवटचे आकडे सरळ रेषेतून निसटतात. आणि सगळी वजनं उतरवल्यावर दट्ट्या पुन्हा २० वर येतो का ते बघायचं. आला नाही तर हवा गळली आहे, मधले सगळे आकडे संशयित. डोंगर उतरून बागेत परत येऊन दोन्ही नळ्या शेजारी धरणं ते हेच.

आलेख काढताना आडव्या अक्षावर वजन आणि उभ्या अक्षावर १ भागिले आकारमान घेतलं की ठिपके साधारण सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे वाढवली तर आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, तेवढं वजन म्हणजे त्या दट्ट्यावर बसलेलं वातावरण. मुंबईत आणि पुण्यात हा छेद वेगळा यायला हवा, सहा-सात टक्क्यांनी. घर्षणाच्या गोंधळात तो फरक दिसेलच असं नाही, आणि दिसला नाही तर तसं लिहायचं.

एक गोष्ट राहिली, आणि ती बॉइलच्या बाजूची नाही.

डिसेंबर १६६१ मध्ये हेग इथे डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी स्वतःचा पंप बांधून सतराव्या प्रयोगासारखाच प्रयोग पाण्यावर केला. उलटी नळी पाण्यानं भरलेली, काचेच्या गोलात, हवा काढत जायची. पाणी उतरायला हवं. साधं पाणी उतरलं. मग त्यांनी बराच वेळ निर्वातात ठेवून आतली विरघळलेली हवा काढून टाकलेलं पाणी घेतलं. तेच यंत्र, तीच नळी. पाणी उतरेना. आत एक बारीकसा बुडबुडा सोडला की मात्र धाडकन उतरायचं. लंडनमधल्या मंडळींची पहिली प्रतिक्रिया तुमच्या लक्षात येईल: हायगेन्सचा पंप गळत असणार. संगमरवराच्या वेळी बरोबर ठरलेलं कारण इथेही हाताशी होतं, आणि इथे ते चूक होतं. हायगेन्स १६६३ च्या उन्हाळ्यात लंडनला आले आणि सगळ्यांसमोर तेच दिसलं. मग पारा तसाच हवामुक्त करून, पंप नाही, काही नाही, उघड्या खोलीत उभा केला, तर एका नळीत तो ७५ इंचांवर राहिला. वातावरण ३० इंचांहून जास्त पेलत नाही हे ज्यांनी आयुष्य घालून सिद्ध केलं होतं त्यांच्या डोळ्यांसमोर. नळीला हलका धक्का दिला की पारा खाली, नेहमीच्या उंचीवर.

हायगेन्स यांनी एका अतिसूक्ष्म द्रव्याची कल्पना मांडली; ती टिकली नाही. पण निकाल कुणी गाडून टाकला नाही. द्रवाचे कण एकमेकांना आणि काचेला घट्ट धरून असतात आणि बुडबुड्याला सुरुवात करायला जागा मिळाली नाही तर द्रवाचा अखंड धागा ओढ सहन करतो, हे नीट समजायला फार काळ गेला. १८९४ मध्ये डिक्सन आणि जॉली या आयर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी हीच ओढ झाडांना लावली. पंप १० मीटरच्या वर पाणी ओढू शकत नाही आणि कोकणातला माड त्याच्या दीडपट-दुप्पट उंचीवर शेंड्यापर्यंत पाणी नेतो. पानांतून वाफ जाते, तिच्या जागी खालचं पाणी ओढलं जातं, आणि मुळांपासून झावळीपर्यंत बारीक वाहिन्यांतला पाण्याचा अखंड धागा ताणून धरलेला असतो, हायगेन्सच्या नळीतल्या पाण्यासारखा. वाहिनीत एक बुडबुडा शिरला की तेवढा धागा तुटतो, आणि पाणी शेजारच्या वाहिनीनं वर जातं.